जुन्या मोटारींचे विद्युत भोंगे : रचना, परीक्षा आणि मर्यादा

बहरीनच्या रस्त्यांवर नोव्हेंबर १९६७ पर्यंत वाहने डाव्या बाजूने धावत होती. त्यामागे मुंबईशी असलेला जुना संबंध होता. मनामा येथील ब्रिटिश राजकीय एजन्सी १९४७ पर्यंत हिंदुस्थान सरकारच्या अखत्यारीत होती, बेटावरील टपालाला हिंदुस्थानी तिकिटे लागत आणि १९६५ मध्ये बहरीनी दिनार येईपर्यंत व्यवहाराचे चलन रुपया हेच होते. मुंबईहून कराची आणि मस्कतमार्गे बसऱ्याकडे जाणाऱ्या आगबोटी बहरीनला थांबत. मोत्यांचा व्यापार त्यांच्यावर अवलंबून होता आणि यंत्रसामग्रीही त्याच मार्गावरून ये-जा करीत असे. आखाती अरबी बोलीत सरळ जाण्यासाठी ‘सीदा’ आणि मोटारीच्या भोंग्यासाठी ‘हरन’ हे शब्द आजही ऐकू येतात. पहिला हिंदुस्थानी भाषांतून आलेला आहे, दुसरा इंग्रजीतून.

१९२० च्या दशकात बेटावर मोटारी दिसू लागल्या. १९३२ मध्ये जबल दुखानच्या परिसरात तेल लागल्यानंतर त्यांची संख्या वाढली. मनामाच्या बाजारपेठेतील अरुंद गल्ल्यांत माणसे, गाढवे आणि हातगाड्या यांच्यामधून वाट काढणाऱ्या या वाहनांना आवाजाचे साधन अत्यावश्यक होते. त्या पिढीच्या मोटारी आज संग्राहकांच्या हाती आहेत. त्यांचे इंजिन आणि रंग यांवर पुष्कळ परिश्रम घेतले जातात, परंतु विद्युत भोंगा बहुधा शेवटी आठवतो. मग बॅटरीच्या दोन तारा लावून आवाज आला की परीक्षा संपली, असे मानले जाते. वास्तविक भोंग्याच्या परीक्षेचे दोन भाग असतात. आवाज पुरेसा आहे का, हा पहिला. तो आवश्यकतेपेक्षा अधिक तर नाही ना, हा दुसरा. या दुसऱ्या प्रश्नाकडे लक्ष जाण्यास मोटारीच्या इतिहासातील पहिली काही दशके खर्ची पडली.

घंटेपासून विद्युत भोंग्यापर्यंत

रस्त्यावरील स्वयंचलित वाहनाला इशारा देण्याचे साधन असावे, ही अट मोटारीइतकीच जुनी आहे. ब्रिटनमध्ये १८९६ च्या कायद्याने हलक्या स्वयंचलित वाहनावर घंटा किंवा पुरेसा ऐकू जाईल असे अन्य साधन बाळगणे बंधनकारक केले. आवाज किती असावा याचे माप मात्र त्यात नव्हते, कारण ध्वनी मोजण्याचे सोयीचे साधनच तेव्हा उपलब्ध नव्हते.

मुंबईत १८९८ च्या सुमारास मोटारी आल्या. त्या काळी सर्वत्र रूढ झालेला भोंगा रबरी फुग्याचा होता. फुगा दाबला की हवा पितळी पातीवरून जाते, पाती कंप पावते आणि कर्ण्यातून ‘पों’ असा आवाज निघतो. हीच रचना पुढे अनेक वर्षे मुंबईच्या रिक्षांवर टिकून राहिली. तिच्या मर्यादा उघड होत्या. आवाजासाठी चालकाला एक हात मोकळा करावा लागे, उष्णतेने रबर तडकत असे आणि वेग वाढला की हा मृदू स्वर पुढच्या माणसापर्यंत वेळेवर पोहोचत नसे.

या उणिवेवर सर्वांत गाजलेले उत्तर अमेरिकेतून आले. मिलर रीझ हचिसन या अभियंत्याने विद्युत मोटरीवर चालणारा भोंगा तयार केला आणि न्यू जर्सीमधील नेवार्क येथील लव्हेल-मॅककॉनेल कंपनीने १९०८ पासून तो ‘क्लॅक्सन’ या नावाने बाजारात आणला. किंचाळणे या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून हे नाव घेतले होते. फ्रेंचसह अनेक भाषांत क्लॅक्सन हा भोंग्यासाठी सामान्य शब्द झाला. पहिल्या महायुद्धात खंदकांमध्ये विषारी वायूचा इशारा देण्यासाठी आणि नंतर अमेरिकी पाणबुड्यांवर बुडी मारण्याची सूचना देण्यासाठी याच भोंग्याचा उपयोग झाला.

हचिसनने त्याआधी बहिऱ्यांसाठी विद्युत श्रवणयंत्र विकसित केले होते. ‘अकूस्टिकॉन’ या नावाने ते ओळखले जाई. ऐकू येण्याचे यंत्र अधिक खपावे म्हणून त्याने कान बधिर करणारा भोंगा शोधला, असा विनोद त्या काळी प्रचलित होता. विनोदाचा भाग सोडला, तरी मोठ्या आवाजाचा उपयोग आणि त्यापासून होणारी हानी या दोन्ही बाजू आरंभापासूनच एकत्र होत्या, हे त्यातून दिसते.

इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या ल्यूकस कंपनीने आणि जर्मनीत १९२१ पासून बॉश कंपनीने विद्युत भोंगे बाजारात आणले. फोर्डच्या मॉडेल टी या लोकप्रिय मोटारीला १९१५ पासून मॅग्नेटोच्या विजेवर चालणारा भोंगा मिळाला. साधारण पंधरा वर्षांच्या आत विद्युत भोंगा ही चैनीची वस्तू न राहता मोटारीचा नेहमीचा भाग बनली.

दोन मूलभूत रचना

जुन्या भोंग्याची परीक्षा करण्यापूर्वी तो कोणत्या प्रकारचा आहे हे ओळखणे आवश्यक असते. दोन्ही प्रकारांत पोलादाचा एक पातळ पडदा कंप पावतो. तो कसा हलवला जातो, यात फरक आहे.

मोटरीच्या प्रकारात, म्हणजे क्लॅक्सनमध्ये, पडद्याच्या मध्यभागी एक कठीण पोलादी खुंटी बसवलेली असते. छोट्या विद्युत मोटरीच्या दांड्यावरील दातेरी चाक या खुंटीवर घासत फिरते. प्रत्येक दात खुंटीला एक ठोका देतो. चाकाला १० दाते असतील आणि मोटर मिनिटाला २,४०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला ४० फेरे आणि ४०० ठोके होतात. म्हणजे स्वराची मूळ कंप्रता ४०० हर्ट्‌झ. कळ दाबताच मोटर वेग घेते, तसा स्वर चढत जातो. कळ सोडली की वेग मंदावतो आणि स्वर उतरतो. ‘आ-ऊ-गा’ असा जो आवाज जुन्या चित्रपटांमुळे परिचित आहे, त्याचे कारण हे आहे. फोर्डच्या १९२८ ते १९३१ या काळातील मॉडेल ए मोटारींचा भोंगाही याच जातीचा होता.

कंपकाच्या प्रकारात मोटर नसते. विद्युत चुंबक पडद्याला जोडलेले लोखंडी आर्मेचर आपल्याकडे ओढतो. आर्मेचर सरकताच पॉइंट उघडतात, प्रवाह खंडित होतो आणि पडदा स्वतःच्या ताणाने मागे येतो. पॉइंट पुन्हा मिळतात आणि हे आवर्तन सेकंदाला शेकडो वेळा घडते. अनेक भोंग्यांत पडद्यापुढे एक चकती बसवलेली असते. आर्मेचर चुंबकाच्या गाभ्यावर आदळते तेव्हा ही चकती सुमारे २,००० ते ३,००० हर्ट्‌झच्या वरच्या स्वरांत निनादते. मानवी कान याच पट्ट्यात आणि त्याच्या लगत सर्वाधिक संवेदनशील असतो, आणि रस्त्यावरील खडखडाट प्रामुख्याने खालच्या स्वरांत असतो. त्यामुळे हा धारदार स्वर गोंगाटातून वेगळा उठून दिसतो. कंपकाचा भोंगा स्वस्त, आटोपशीर आणि तत्काळ वाजणारा असल्यामुळे त्याने मोटरीच्या भोंग्याला हळूहळू मागे टाकले.

कानापासून डेसिबलपर्यंत

प्रारंभीच्या काळात भोंग्याची परीक्षा मुख्यतः कानाने होत असे. किती अंतरावरून ऐकू जातो, हाच निकष होता आणि अधिक अंतर म्हणजे अधिक चांगला भोंगा, असे समीकरण होते. या पद्धतीत परीक्षकाचे वय, त्याची ऐकण्याची क्षमता, वाऱ्याची दिशा आणि परिसरातील गोंगाट यांवर निकाल बदलत असे. दोन गावांतील दोन परीक्षांची तुलना करणे शक्य नव्हते.

१९२० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील बेल दूरध्वनी संस्थेच्या अभियंत्यांनी डेसिबल हे एकक रूढ केले आणि चित्र बदलले. १९२९ मध्ये न्यू यॉर्क शहराने गोंगाट निवारणासाठी आयोग नेमला. त्याने मापनयंत्रे मोटारीत घालून शहरभर आवाज मोजले. १९३३ मध्ये फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी निरनिराळ्या कंप्रतांचे स्वर कानाला किती मोठे वाटतात, याचे आलेख प्रसिद्ध केले. कानाच्या संवेदनशीलतेनुसार भार देऊन केलेले मापन, ज्याला आज डेसिबल (ए) म्हणतात, ते या अभ्यासावर आधारलेले आहे.

मापन शक्य होताच मर्यादेचा विचार सुरू झाला. ब्रिटनचे वाहतूक मंत्री लेस्ली होर-बेलिशा यांनी १९३४ मध्ये रात्री साडेअकरा ते सकाळी सात या वेळेत वस्तीच्या भागात भोंगा वाजवण्यास बंदी केली. पॅरिसमध्ये १९५४ मध्ये अशीच बंदी आली. भोंगा नसणे हा ज्या मोटारीचा पूर्वी दोष होता, तिचा भोंगा वाजणे हा आता विशिष्ट वेळी गुन्हा ठरू लागला.

आजची प्रमाणित कसोटी

भोंग्यांच्या परीक्षेसाठी आज सर्वाधिक मान्यता असलेला दस्तऐवज म्हणजे १९६३ पासून अमलात असलेला संयुक्त राष्ट्रांचा नियम क्रमांक २८. भारतात आयएस १८८४ हे मानक विद्युत भोंग्यांसाठी आहे आणि वाहनांच्या सुट्या भागांची चाचणी पुण्याच्या वेताळ टेकडीवरील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या १९६६ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेत होते. ही टेकडी पुणेकरांना ‘एआरएआय टेकडी’ म्हणूनच माहीत आहे.

नियम क्रमांक २८ मधील मोटारीच्या भोंग्याची कसोटी थोडक्यात अशी आहे. भोंगा प्रतिध्वनीरहित कक्षात किंवा मोकळ्या जागी ठेवून २ मीटर अंतरावर आवाज मोजला जातो. परिसरातील गोंगाट त्याहून किमान १० डेसिबलने कमी असावा लागतो. १२ व्होल्टच्या भोंग्याला १३ व्होल्ट आणि ६ व्होल्टच्या भोंग्याला ६.५ व्होल्ट दाब दिला जातो. १,८०० ते ३,५५० हर्ट्‌झ या पट्ट्यात आवाज किमान १०५ डेसिबल (ए) असला पाहिजे आणि एकूण आवाज ११८ डेसिबल (ए) पेक्षा अधिक असता कामा नये. कळ दाबल्यापासून ०.२ सेकंदाच्या आत किमान पातळी गाठली गेली पाहिजे. ताशी ४० किलोमीटर वेगाची मोटार तेवढ्या अवधीत सुमारे सव्वादोन मीटर पुढे जाते, यावरून या अटीचे महत्त्व कळते. मोटरीला वेग घेण्यास वेळ लागतो, ही क्लॅक्सन प्रकाराची उणीवही याच संदर्भात ध्यानात येते.

टिकाऊपणाची कसोटी याहून कठोर आहे. भोंगा एक सेकंद वाजवायचा, चार सेकंद थांबवायचा, असे ५०,००० वेळा करायचे. या आवर्तनांना जवळजवळ ७० तास लागतात. त्यानंतरही त्याचा आवाज विहित मर्यादेत असावा लागतो.

भोंगा मोटारीवर बसवल्यावर पुन्हा परीक्षा होते. मोटारीपुढे ७ मीटरवर आवाज किमान ९३ आणि कमाल ११२ डेसिबल (ए) असावा, अशी अट आहे. हे आकडे एकमेकांशी जुळतात. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. २ मीटरवरून ७ मीटरवर गेल्यास ही घट ११ डेसिबलच्या आसपास होते. म्हणजे १०५ चे ९४ होतात. बसवताना बंपर, जाळी किंवा पत्रा यांनी वाट अडवली, तर किमान मर्यादेपर्यंत एखाद्या डेसिबलचेच अंतर उरते. उत्तम भोंगा चुकीच्या जागी बसवल्यामुळे नापास होऊ शकतो, तो यामुळे.

जुन्या भोंग्याची परीक्षा : क्रम आणि पद्धत

संग्रहातील जुन्या भोंग्याची परीक्षा करताना त्याला एकदम वीज देणे टाळावे. दशकानुदशके पडून असलेल्या यंत्रात गंजलेले धारवे, भुगा झालेले सुती वेष्टन आणि चिकटलेले पॉइंट असण्याची शक्यता असते.

पहिली पायरी दाबाची. मोटारीच्या देशावरून तिच्या विद्युत व्यवस्थेचा अंदाज बांधू नये. अमेरिकी मोटारी १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बहुतांशी ६ व्होल्टच्या होत्या. पण फोर्डमध्ये बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे, तर शेव्हरोलेमध्ये ऋण. ब्रिटिश मोटारींत ६ आणि १२ व्होल्ट दोन्ही आढळतात. बहरीनमध्ये ब्रिटिश प्रशासन आणि अमेरिकी मालकीची तेल कंपनी एकाच वेळी होती, त्यामुळे तेथील जुन्या मोटारींबाबत ही काळजी विशेष घ्यावी. भोंग्यापुरते सांगायचे तर साध्या कंपकाला धन-ऋण टोकांच्या अदलाबदलीने फरक पडत नाही. क्लॅक्सनमधील सिरीज मोटरही दोन्ही प्रकारे त्याच दिशेने फिरते. व्होल्टमधील चूक मात्र वेटोळे जाळू शकते.

दुसरी पायरी यांत्रिक तपासणीची. मोटर-प्रकारात दांडा बोटाने फिरवून पाहावा. तो अडखळत असल्यास धारव्यांना हलके तेल द्यावे, कॉम्युटेटरवरील काजळी साफ करावी आणि कार्बन ब्रश स्प्रिंगच्या जोरावर नीट टेकतात का ते पाहावे. पडद्याला तडा गेलेला नसावा. खुंटी आणि दाते झिजलेले असल्यास आवाज खरखरीत आणि दुबळा येतो. कंपक-प्रकारात पॉइंट उघडून त्यांवरील पुटे बारीक कानशीने काढावीत.

तिसरी पायरी वेटोळ्याचा रोध मोजण्याची. वाचन अनंत असल्यास तार तुटलेली आहे किंवा पॉइंट मिळत नाहीत, असे समजावे. वेटोळे आणि आवरण यांच्यात जोड आढळल्यास वेष्टन खराब झाले आहे. जुन्या सुती वेष्टनावर उच्च दाबाची इन्सुलेशन चाचणी घेऊ नये. ती दोष शोधण्याऐवजी नवा दोष निर्माण करते.

चौथी पायरी प्रत्यक्ष वीज देण्याची. भोंगा हातात न धरता मूळ कंसावर घट्ट बसवावा. योग्य व्होल्टची चांगली बॅटरी, आखूड जाड तारा, मध्ये फ्यूज आणि अ‍ॅमीटर अशी जोडणी करावी. बॅटरीऐवजी चार्जर वापरणे योग्य नाही, कारण भाराखाली त्याचा दाब कोसळतो आणि चांगला भोंगाही सदोष भासतो. कळ एका वेळी सेकंदभरच दाबावी. अ‍ॅमीटर पुष्कळ काही सांगतो. प्रवाह अजिबात नसेल तर मार्ग खंडित आहे. प्रवाह भरपूर आहे, पण आवाज नाही, असे असेल तर कंपकाचे पॉइंट चिकटले आहेत किंवा मोटर अडकली आहे. अशा वेळी कळ तत्काळ सोडावी. प्रवाह वरखाली होत असेल तर ब्रश किंवा पॉइंट अस्थिर आहेत.

पाचवी पायरी जुळणीची. मोटर-प्रकारात मागील बाजूच्या स्क्रूने दातेरी चाक पडद्याच्या खुंटीजवळ किंवा दूर नेता येते. प्रथम ते मोटर मोकळी फिरेल इतके दूर घ्यावे आणि मग थोडे थोडे पुढे सरकवावे. स्वर भरदार झाला की थांबावे. अधिक दाबल्यास आवाज वाढत नाही. मोटर मंदावते, प्रवाह वाढतो आणि दाते झिजतात. कंपकाचा स्क्रूही एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक फिरवू नये. स्वर सर्वांत स्वच्छ आणि प्रवाह बेताचा, असा जो बिंदू असतो तोच योग्य समजावा.

अखेरची पायरी मोटारीतील तारांची आहे आणि अनेक तक्रारींचे मूळ येथेच असते. समजा, ६० वॉटचा भोंगा आहे. ६ व्होल्टला तो १० अँपिअर घेतो, १२ व्होल्टला ५ अँपिअर. जुन्या तारा, गंजलेले सांधे आणि कळ मिळून ०.१ ओहम रोध असेल, तर ६ व्होल्टच्या व्यवस्थेत १ व्होल्ट वाटेतच खर्च होतो, म्हणजे सहावा हिस्सा. १२ व्होल्टच्या व्यवस्थेत हीच हानी अर्धा व्होल्ट, म्हणजे चोविसावा हिस्सा असते. म्हणून टेबलावर उत्तम वाजणारा भोंगा मोटारीत क्षीण वाटला, तर त्याच्या स्क्रूला हात लावण्यापूर्वी तारा, सांगाड्याचा जोड आणि कळ तपासावी. भोंगा वाजत असताना त्याच्या दोन टोकांवरील दाब मोजला की उत्तर मिळते.

मोटार नंतरच्या काळात १२ व्होल्टवर नेलेली असल्यास ६ व्होल्टचा मूळ भोंगा थेट जोडू नये. तो काही काळ जोरात वाजतो आणि नंतर निकामी होतो. दाब कमी करणारे साधन मध्ये बसवणे हा त्यावरचा योग्य उपाय आहे. वेटोळे बदलल्यास मूळ वस्तूचे ऐतिहासिक मूल्य घटते.

बहरीनच्या हवामानाचा विचार

बेटावरील उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सियसच्या पुढे जाते आणि समुद्रामुळे हवा दमट व क्षारयुक्त असते. वायव्येकडून येणारा शमाल वारा बारीक धूळ आणतो. कर्णा तोंड वर करून बसवलेला असल्यास धूळ पडद्यापाशी साचते. तांब्याच्या जोडांवर हिरवट क्षार जमतो आणि रोध वाढतो. त्यामुळे येथे भोंग्याची तपासणी ऋतुबदलाबरोबर करणे हिताचे ठरते.

मोकळ्या जागी आवाज मोजतानाही हवामानाचा परिणाम होतो. भर दुपारी जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा अधिक तापते आणि ध्वनिलहरी वरच्या दिशेने वळतात, म्हणून दूर उभ्या असलेल्या माणसाला भोंगा कमी ऐकू येतो. रात्री परिस्थिती उलट होते आणि तोच भोंगा दूरच्या वस्तीपर्यंत पोहोचतो. केवळ अंतराच्या आधारे केलेली जुनी परीक्षा फसवी का होती, याचे हे एक कारण आहे. काही मीटरच्या अंतरावर ध्वनिमापकाने घेतलेले वाचन या दोषापासून बव्हंशी मुक्त असते. वारा मंद असताना, भिंतींपासून दूर, सकाळच्या वेळी मापन करणे श्रेयस्कर.

परीक्षकाचा कान

भोंग्याच्या परीक्षेत सर्वांत आधी इजा होते ती परीक्षकालाच. व्यावसायिक आरोग्याच्या क्षेत्रात मान्य असलेल्या हिशेबानुसार ८५ डेसिबल (ए) आवाजात दिवसाला आठ तास हा धोक्याचा उंबरठा मानला जातो आणि प्रत्येक ३ डेसिबल वाढीला हा अवधी निम्मा होतो. ९४ ला एक तास, १०० ला पंधरा मिनिटे आणि १०६ ला चार मिनिटांहूनही कमी. भोंगा जुळवताना माणूस २ मीटरवर नव्हे, हाताच्या अंतरावर असतो. आणि गॅरेजच्या भिंतींवरून परतणारा आवाज त्यात भर घालतो. अर्ध्या तासाची जुळणी कानाला कायमची हानी पोहोचवू शकते. ती वेदनारहित असल्यामुळे तत्काळ जाणवत नाही आणि आतील कानाच्या नष्ट झालेल्या संवेदी पेशी पुन्हा निर्माण होत नाहीत.

म्हणून कानावर संरक्षक आवरण, उघडी जागा आणि सेकंदभराचे ठोके हे तीन नियम पाळावेत. मुलांना जवळ उभे करून भोंगा वाजवून दाखवणे टाळावे. ब्रश आणि पॉइंट यांवर ठिणग्या उडतात, तेव्हा पेट्रोलचा साठा आणि नुकतीच चार्ज केलेली बॅटरी दूर ठेवणेही आवश्यक आहे. अशा बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडत असतो.

आवाजाची मर्यादा

रस्त्यावरील वाहतुकीविषयीच्या १९६८ च्या व्हिएन्ना कराराचा बहरीन हा देश पक्षकार आहे. अपघात टाळण्यासाठी, किंवा वस्तीबाहेर पुढील वाहनाला ओलांडण्याची सूचना देण्यासाठीच भोंगा वाजवावा आणि तो आवश्यकतेहून अधिक काळ वाजू नये, असे तत्त्व या करारात आहे. भारताच्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ११९ व्या नियमानुसार भोंगा असणे बंधनकारक आहे. त्याच नियमाने एकामागून एक वेगवेगळे स्वर काढणारे आणि अवाजवी कर्कश, तीक्ष्ण किंवा भयप्रद आवाजाचे भोंगे निषिद्ध केले आहेत. क्लॅक्सनने ‘किंचाळणे’ हे आपले नाव अभिमानाने मिरवले होते. तोच गुण आता दोषांच्या यादीत आहे.

२०१० च्या दुरुस्तीनंतर भारतात शांतता क्षेत्रात आणि रात्री निवासी भागात आपत्कालीन प्रसंग वगळता भोंगा वाजवता येत नाही. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने विनाकारण भोंगा वाजवणाऱ्यास पहिल्या वेळी १,००० आणि पुढील वेळी २,००० रुपये दंड ठेवला. मुंबई पोलिसांनी काही चौकांत केलेला एक प्रयोग २०२० च्या आरंभी जगभर चर्चेत आला. सिग्नलला जोडलेल्या मापकाने ८५ डेसिबलची पातळी ओलांडलेली दाखवली की लाल दिव्याची वेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होत असे. रस्त्यावरचा आवाज मोजून त्याचा परिणाम तेथल्या तेथे चालकाला दाखवणे, ही या प्रयोगामागची कल्पना होती.

जुन्या मोटारींच्या संग्राहकाला या साऱ्याचा व्यवहारात उपयोग एवढाच की, परीक्षेच्या नोंदीत दोन्ही आकडे असावेत. वाजताना भोंग्याच्या टोकांवरील दाब आणि प्रवाह एका रकान्यात, मोटारीपुढे ७ मीटरवरील आवाज दुसऱ्या रकान्यात. तारीख, तापमान आणि स्क्रूची स्थिती सोबत लिहावी. ही नोंद पुढील वर्षीच्या तपासणीत दोष लवकर पकडून देते आणि मोटार दुसऱ्या हाती गेली, तरी नव्या मालकाला पहिल्यापासून अंदाज बांधावा लागत नाही. ७ मीटरवर ९३ ते ११२ डेसिबलच्या दरम्यान वाजणारा नव्वद वर्षांपूर्वीचा भोंगा समोरच्या माणसाला वेळेवर सावध करतो आणि त्याच्या कानांनाही जपतो. संचलनात मोटार आणण्यापूर्वी त्याची याच दोन बाजूंनी तपासणी झालेली असावी.